हलक्याची काडी, भारीची काडी

यंदा धान कोणता लावायचा ते आपण एकटीच ठरवणार, असं गुणाबाईनं रोहिणी नक्षत्र लागायच्या आधीच जाहीर केलं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

जाहीर केलं म्हणजे चुलीपुढे बसून सांगितलं. ऐकायला एकटा नवरा होता. पण गुणाबाईचा आवाज असा, की तिनं घरात मीठ मागितलं तर शेजारची रुखमा वाटी घेऊन येते. म्हणून सावली तालुक्यातल्या त्या गावाला भाकरी भाजून व्हायच्या आतच बातमी कळली होती.

"आयकून घ्या," ती मुखरूला म्हणाली. "यंदा धानाबद्दल तुमी एक शब्द बोलाचा नाई. बीज मी काढीन, परे मी टाकीन, कोनता कुठी रोवाचा ते बी मीच सांगीन. तुमी चिखलणी करा अन् चूप राहा."

"बरं," मुखरू म्हणाला.

"बरं बी नोका म्हनू. तो बी शब्दच हाय."

मुखरूनं तोंड मिटलं. तसा तो वाईट माणूस नाही. (वाईट माणसाला निदान स्वतःचं काही मत असतं.) त्याचा दोष एकच, की पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईपर्यंत जो जे सांगेल ते त्याला पटतं. मागच्या साली ठेल्यावर कोणीतरी म्हणालं सोयाबीन लावा, आणि या माणसानं वरच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, अर्ध्यावर धानाच्या जागी सोयाबीन पेरलं. मग पाऊस असा बसला, की शेंगांपेक्षा बेडकं जास्त निघाली. घरात वर्षभर तांदूळ जपून काढावा लागला. गुणाबाई मापानं तांदूळ घेताना दरवेळी नवऱ्याकडे बघायची, आणि मुखरू दरवेळी आढ्याकडे बघायचा.

ज्यांनी धान लावला नाही त्यांना एवढं सांगून ठेवते. आमच्या भागात धान दोन तऱ्हेचा. हलका म्हणजे लवकर पिकणारा, थोड्या पाण्यात भागवणारा. तो वरच्या, उताराच्या बांधीत लावायचा. भारी म्हणजे उशिरा पिकणारा, दिवाळीपर्यंत पाय पाण्यात ठेवून बसणारा. तो खालच्या, बोडीजवळच्या, म्हणजे तळ्याजवळच्या बांधीत. याची त्याला अन् त्याची याला जागा दिली, की गेलं साल. वरचा भारी ऐन निसवताना, म्हणजे लोंब बाहेर पडताना, तहानेनं पोचट होतो, आणि खालचा हलका पिकून पाण्यात लोळतो आणि रानडुकरांची पंगत उठते. गुणाबाईकडे अशा दोनच बांध्या. वर्षाचा भात त्यातूनच यायचा, दुसरीकडून नाही. एक साल जपून खाल्लं होतं, दुसरं तसंच खायची तिची तयारी नव्हती.

बीज घरचंच होतं. मागच्या अंधाऱ्या खोलीत तीन चुंगड्या, म्हणजे पोती. डाव्या हाताला भारीचं बीज, उजव्या हाताला हलक्याचं बीज, आणि मधात खायचा हलका धान. हे गुणाबाईला पाठ होतं. चुंगड्यांवर खूण करायची तिला कधी गरज वाटली नाही. खूण कच्च्या डोक्याच्या माणसाला लागते, असं ती रुखमाला नेहमी सांगायची.

लेक दिव्यानी चंद्रपूरला दिलेली. जावई अजय तिथं मोबाइलच्या दुकानात कामाला. त्यांच्यासाठी दरसाल एक चुंगडी धान राइस मिलला जाऊन तांदूळ व्हायचा आणि पुढे चंद्रपूरला रवाना व्हायचा. यंदा मिलची गाडी दारात येऊन भोंगा वाजवायला लागली तेव्हा गुणाबाईच्या हातात सारवणाचं शेण होतं. ती खोलीच्या दारातूनच ओरडली, "अवो, मधातली चुंगडी द्या काढून!"

मुखरूनं मधली चुंगडी धरली आणि थबकला. "अवो, दिव्यानीची माय, हे चुंगडी नं, मी..."

"काय सांगतलं होतं मी?"

"नाई, पन हे चुंगडी..."

"चूप! धानाबद्दल एक शब्द नाई. उचला!"

मुखरूनं उचलली. गाडी गेली.

मिरगात पाऊस बरा झाला आणि गुणाबाईनं परे टाकले. परे म्हणजे धानाची रोपं. आधी एका जागी दाट पेरायची, वीतभर झाली की उपटून बांधीत रोवायची. घरामागच्या तुकड्यात तिनं दोन वाफे केले, अगदी लागून. एकात डाव्या चुंगडीतलं बीज टाकलं, दुसऱ्यात उजव्या चुंगडीतलं. दोन्ही धानांचा दाणा सालीत असताना सारखाच दिसतो. फरक कळतो तो भात शिजल्यावर. तरी मुखरू दुरून बघत होता आणि एकदा खाकरलाही. गुणाबाईनं नुसतं वर पाहिलं. तो खाकरणं विसरला.

पण आता कोणता वाफा कोणता, हे गावाला कळू द्यायचं नव्हतं. गावाला कळलं की ठेल्याला कळणार, ठेल्याला कळलं की सल्ले येणार. म्हणून तिनं अशी खूण केली की जी फक्त तिलाच कळावी. हलक्याच्या वाफ्यात काडी रोवून तिच्यावर मुखरूचं फाटकं बनियान बांधलं, आणि भारीच्या वाफ्यात काडी रोवून आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला. हलका तो नवरा, भारी ती आपण. विसरायची सोय नाही. या हुशारीवर ती इतकी खूश झाली, की दिवसभर एकटीच हसत होती, आणि मुखरू घाबरून कामाला लागला.

रोवणीच्या बाया मिळणं म्हणजे हल्ली लग्नाला मुलगी मिळण्यापेक्षा कठीण. शेजारच्या गावची रंजीता बायांची टोळी घेऊन येते. तिनं वेळ दिली की दिली. त्या दिवशी आपली तयारी नसली, तर पुन्हा पोळ्यानंतर तोंड दाखवते, आणि तेव्हा रोवून काय करायचं! रंजीताचा निरोप आला, "उद्या येतो." गुणाबाई आनंदानं परे पाहायला गेली, आणि बनियानापुढे उभी राहिली ती उभीच राहिली.

बनियानाची गाठ तिची नव्हती. ती बैलाच्या दाव्याला मारतात तशी गाठ होती. त्या घरात तशी गाठ एकच माणूस मारतो.

"अवोऽऽ!"

मुखरू आला. (रुखमाही आली. पण ती कुंपणाच्या पलीकडे, पालेभाजी खुडायच्या निमित्तानं.)

"हे गाठ कोनं मारली?"

मुखरू गप्प.

"बोला नं!"

"बोलू का?" मुखरूनं खात्री करून घेतली. "तू मनाई केली हाय."

"धानाबद्दल केली. बनियानाबद्दल बोला."

"बनियानाबद्दल असं झालं," मुखरू म्हणाला, "का परवा वारा सुटला होता नं, तवा दोनी काड्या पडल्या. एकमेकीवर पडल्या होत्या. मी म्हनलं, तू पायशीन तं मलेच बोलशीन. म्हनून उभ्या केल्या."

"कोनती कुठी उभी केली?"

"जिथी होती तिथी."

"कोनती कुठी होती?"

"आता ते..." मुखरूनं मान खाजवली. "ते तं तुले मालूम हाय नं. तूच म्हने, माह्या डोक्यात हाय."

गुणाबाईनं घाईनं दोन्ही काड्यांकडे पाहिलं. कारण डोक्यात काहीच नव्हतं. काडी होती म्हणून तिनं डोक्याला तसदीच दिली नव्हती. पेरताना सूर्य उजवीकडे होता एवढं तिला आठवत होतं. पण आपण सकाळी पेरलं की सांजच्याला, ते आठवत नव्हतं.

"हाव, हाय नं डोक्यात," ती कुंपणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. "मी तुमची परीक्षा पायत होतो."

"मंग धानाबद्दल बी एक सांगू का? तवा ते चुंगडी..."

"धानाबद्दल नाई!"

मुखरू गेला. गुणाबाई दोन वाफ्यांच्या मधल्या दांडावर उकिडवी बसली आणि परे पाहू लागली. भारीचा पाला जरा काळपट असतो म्हणतात. डावीकडचा काळपट दिसला. तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ढग आला, आणि उजवीकडचा काळपट दिसायला लागला. तिनं पानं चुरगाळून वास घेतला. दोन्हीकडून परे चुरगाळल्याचाच वास आला. एक पान चावून पाहिलं. जिभेला चरा पडला, बाकी काही कळलं नाही.

"रुखमाऽ," ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "भारीचे परे दिसाले कसे असतात वो?"

"परे दिसतात तसे," रुखमा कुंपणातून म्हणाली. "काऊन?"

"काई नाई. आजकालच्या पोरींले मालूम असते का नाई, ते पायत होतो."

रुखमा पन्नाशीची होती. तिनं भाजी खुडायचं थांबवून गुणाबाईकडे पाहिलं.

शेवटी गुणाबाईनं दिव्यानीला फोन लावला. जावयानं फोन घेतला, म्हणाला, घाबरू नका आई, माझ्या मोबाइलमध्ये असं आहे की फोटो टाकला की झाडाचं नाव सांगते. गुणाबाईनं दोन्ही वाफ्यांचे फोटो काढून पाठवले. (पहिला तिच्या अंगठ्याचा आला.) थोड्या वेळानं जावयाचा फोन.

"आई, कळलं! दोन्ही गवत आहे."

"हाव का," गुणाबाई म्हणाली. "जेवन झालं का जावईबापू?"

त्या सांजच्याला तिनं आपलं ताट तसंच सारून ठेवलं. समोर मुखरू मात्र दोन वाट्या भात जेवला. तो जेवतो कसा, याचाच तिला जास्त राग आला. धान चुकला तर पुढच्या साली हाच माणूस ताटावर बसून आढ्याकडे बघेल, आणि या खेपेला त्याच्याकडे रागानं बघायची सोयसुद्धा राहणार नाही. आपणही आढ्याकडेच बघायचं. एका घरात दोघं आढ्याकडे बघणारी! 

सकाळी रंजीता बाया घेऊन आली. परे उपटून मुठी बांधून झाल्या आणि बाया कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या.

"बोल बाई, कोनत्या मुठी वर, कोनत्या खाली?" रंजीतानं विचारलं.

गुणाबाईनं वर पाहिलं, खाली पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग तिच्या तोंडून आपोआप निघालं, "दोनी बांध्यांत दोनी. आर्धी आर्धी."

"आँ?"

"इकडच्या वाफ्याच्या आर्ध्या वर, आर्ध्या खाली. तिकडच्या वाफ्याच्या बी तश्याच."

(हिशेब सरळ होता. काहीही चुकलं तरी अर्धं तरी बरोबर येईल. अर्धं पोट भरेल.)

"माय वो!" रंजीता कमरेवर हात ठेवून म्हणाली. "धान लावते का खिचडी?"

"नवी पद्धत हाय," गुणाबाई ठासून म्हणाली. "पट्टा पद्धत. तुमच्या गावात अजून आली नसन."

बाया हसल्या आणि चिखलात उतरल्या. दिवसभर रोवणीची गाणी कमी आणि खिचडीची गाणी जास्त झाली. मुखरू धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून ऐकत होता. एकदा त्यानं बोट वर केलं, शाळेतल्या पोरासारखं. गुणाबाईनं चिखलाचा गोळा उचलला. त्यानं बोट खाली घेतलं.

पुढचे दोन महिने गुणाबाईच्या जिवाला थारा नव्हता. वाघ फिरतो म्हणून आमच्याकडे एकटी बाई शेताला जात नाही, गेली तर डबा वाजवत जाते. गुणाबाईच्या डब्याचा आवाज गावात सकाळी यायचा, दुपारी यायचा, सांजच्याला यायचा. वाघ कंटाळून दुसऱ्या शिवारात निघून गेला असं लोक म्हणत. ती धुऱ्यावर उभी राहायची आणि कोणता अर्धा भाग आपल्याला फसवणार ते बघायची. सगळं सारखंच हिरवं. हिरव्या रंगाची तिला इतकी भीती बसली, की तिनं पालक रांधणं सोडलं.

आणि मग भादव्यात पाऊस गेला तो गेलाच. कोरडं आभाळ, कोरडा वारा. बोडीचं पाणी तळाला गेलं. सगळ्या गावानं खालच्या बांध्यांत भारी लावला होता, आणि त्याला अजून दिवाळीपर्यंत पाणी पाहिजे होतं. लोक इंजिनं लावून पाणी ओढू लागले, पाण्यावरून धुऱ्याधुऱ्यांवर भांडणं लागली. गुणाबाईनं मनातल्या मनात आपला अर्धा धान सोडून दिला. फक्त तो कोणता अर्धा, ते तिला माहीत नव्हतं. रडायला बसावं तर कोणत्या पट्ट्याकडे तोंड करून रडावं?

अन् एका सकाळी पाहते तर वरची बांधी निसवलेली. पूर्ण. आणि खालची? तीही पूर्ण. चारी अर्धे एकाच वेळी. पुढे लोंबं भरली, वाकली, पिवळी पडली, तीही चारी अर्ध्यांत एकदम. आजूबाजूला सगळ्यांचा भारी अजून हिरवा, मान वर करून पाणी मागत उभा, आणि मधात गुणाबाईचं शेत सोन्यासारखं.

"अवो," मुखरू धुऱ्यावरून म्हणाला, "हे तं सारंच..."

"चूप!" गुणाबाई म्हणाली. पण या खेपेला जरा हळूच. काहीतरी चुकलं होतं. पण चुकलं ते चांगलं झालं होतं, आणि चांगल्या झालेल्या चुकीला हात लावू नये एवढी अक्कल तिला होती.

धान कापला, चुरला, घरात आला. मागच्या सालापेक्षा दुप्पट. बाकीच्यांचा भारी अर्धामुर्धा हाती लागला. मग काय, गुणाबाईचं अंगण भरायला लागलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी रुखमा, रंजीता आणि गावच्या अर्ध्या बाया येऊन बसल्या. गुणाबाई बेसनाच्या पिठात कोपरापर्यंत हात बुडवून भजी सोडत होती आणि बोलत होती.

"पाऊस लवकर जाईन, हे तुले कसं समजलं वो गुणाबाई?" रुखमानं विचारलं. खालच्या बांधीत भारी लावून तिनं यंदा बरंच गमावलं होतं, आणि ती खरोखरच विचारत होती.

"त्याले नजर लागते," गुणाबाई भजं उलटत म्हणाली. "मिरगातच मी आभाय पायलं. म्हनलं, यंदा भारी लावनं म्हनजे मरनं. म्हनून दोनी बांध्यांत हलका ठोकला."

"मंग ते पट्टा पद्धत?" रंजीता.

"ते तुमाले दाखवाले. सांगतलं असतं तं साऱ्या गावानं तेच केलं असतं का नाई?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मुखरू ओट्यावर बसून लसूण सोलत होता. त्यानं मान वर केली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. दिव्यानीचा. गुणाबाईचे हात पिठात, म्हणून रुखमानंच फोन उचलून तो मोठ्यानं ऐकू येईल असा केला आणि पाटावर ठेवला.

"आई! दिवाळीले येऊन राह्यलो आमी उद्या. अन् आयक, जाताना घेऊन जातो, तो तांदूळ काढून ठेव नं!"

"कोनता तांदूळ वो?"

"अवो, जूनमधी धाडला होता नं तू, तोच! दरसाल तू आमाले हलका धाडते अन् भारी तिथी ठेवते. यंदा पयल्यांदाच भारी धाडला. भात शिजला नं, मले वासावरूनच समजलं, आपल्या खालच्या बांधीचा हाय म्हनून. हे तं म्हनत होते, सासूबाई सुधरल्या!"

 कढईतलं भजं काळं पडायला लागलं.

"आई? आयकते का? पूरी चुंगडी भारीच होती नं ते?"

रुखमानं फोनकडे पाहिलं, मग गुणाबाईकडे पाहिलं, आणि मग तोंडात पदर कोंबला. रंजीतानं तेवढीही तसदी घेतली नाही. ती सरळ आडवी पडून हसली.

गुणाबाईनं पिठाचे हात तसेच घेऊन ओट्याकडे मोर्चा वळवला. "मधातली चुंगडी भारीची कशी झाली?"

"बोलू का?" मुखरूनं विचारलं.

"बोला!"

"मागची खोली गळत होती नं. डाव्या हाताची चुंगडी भिजन म्हनून ते मी मधात आनली, अन् मधातली तिकडं ठेवली. तेच तं सांगत होतो, गाडी आली तवा. परे टाकले तवा. गाठीच्या वक्ती बी. रोवणीत बोट बी वर केलं होतं." त्यानं लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "तू म्हनली, एक शब्द नाई. मी नाई बोललो."

गुणाबाईच्या हातावरचं बेसन ओट्यावर ठिबकायला लागलं.  दोन्ही काड्यांना बनियानच बांधायला पाहिजे होतं, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

हसणं ओसरल्यावर रुखमानं डोळे पुसले. बाईला खरंच काळजी होती. तिलाही पुढच्या साली खायचं होतं. "ते जाऊ दे गुणाबाई. पन पुढच्या साली खालच्या बांधीत लावाचा कोनता, हलका का भारी? सांगशीन का नाई?"

गुणाबाईनं जाऊन काळं भजं कढईतून काढलं. मग पदरानं कपाळ पुसलं (कपाळाला बेसन लागलं) आणि जन्मात कधी म्हटलं नव्हतं ते हळूच म्हणाली, "यायले विचारा."

सगळ्या बायांनी मुखरूकडे माना वळवल्या.

मुखरूनं लसणाचं ताट बाजूला सारलं, बायकोकडे अदबीनं पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.